सांगायचं राहून गेलेलं

वाचकहो, मी ३१ वर्षं नर्सिंग केलं. त्यातली शेवटची १४ वर्षं वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. हाताखाली २२ नर्सेस, शिवाय मावशी आणि वॉर्डबॉय; वर डॉक्टर, मेट्रन, ऑफिस. दिवसातून तीनदा ड्यूटी बदलायची आणि तीनदा कुणाला तरी काहीतरी सांगायची वेळ यायची. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याच दुखण्याची आहेत. कामाच्या जागी कुणाला तरी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ओठांपर्यंत येऊन परत जाते. तुमची कामं माझ्याहून वेगळी आहेत, पण हे दुखणं मी जवळून ओळखते. पत्रं थोडी आटोपती घेतली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी गेल्या वर्षी टीम लीडर झालो. टीममधले एक गृहस्थ माझ्याहून ११ वर्षांनी मोठे आहेत. मी नवखा होतो तेव्हा त्यांनीच मला काम शिकवलं, आजही मी त्यांना दादा म्हणतो. गेले सहा महिने त्यांचे रिपोर्ट चुकताहेत. आकडे जुळत नाहीत, आधीच्या महिन्याचा मजकूर तसाच राहतो. मी रात्री बसून दुरुस्त करतो आणि पुढे पाठवतो. एक-दोनदा 'जरा बघून घ्या हं दादा' असं म्हणालो. आता वार्षिक अप्रेझल तीन आठवड्यांवर आलं आहे. खरं लिहिलं तर त्यांना धक्का बसेल, खोटं लिहिलं तर मला झोप लागणार नाही. कसं सांगू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मी रात्री बसून दुरुस्त करतो आणि पुढे पाठवतो.' आता हेच दादांच्या खुर्चीत बसून पाहा. त्यांनी रिपोर्ट दिला, तो पुढे गेला, कुणी काही बोललं नाही. सहा महिने हेच. त्यांच्या लेखी त्यांचं काम व्यवस्थित चाललं आहे. चुका त्यांच्या आहेत हे खरं, पण त्या त्यांच्या नजरेला पडू नयेत अशी सोय तुम्ही केलीत. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. मी स्वतः हेच केलं आहे आणि त्याचा त्रास एका मुलीला झाला, म्हणून लिहिते.

आमच्या वॉर्डात एक नवीन नर्स आली होती. कामाला चपळ, पेशंटशी प्रेमाने बोलणारी. पण तिचा इनटेक-आउटपुट चार्ट कधी बरोबर यायचा नाही. पेशंटच्या अंगात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं, याचा तो हिशोब. हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटची औषधं डॉक्टर त्यावर ठरवतात. तिच्या ड्यूटीचा आकडा नेहमी फुगलेला असायचा. मी दुपारी सलाइनच्या बाटल्या बघून तो आकडा खोडायचे, नीट लिहायचे आणि सही करायचे. नवीन आहे, येईल हळूहळू, असं म्हणत मी जवळजवळ तीन महिने काढले. मग एकदा मी रजेवर गेले. चार्ट तसाच पुढे गेला आणि राउंडला डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हँडओव्हरला, नऊ जणींच्या देखत, मी तिला म्हणाले, "साधी बेरीज येत नाही का गं तुला?"

दुपारी ड्यूटी संपल्यावर ती चार्ट घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सिस्टर, कुठे चुकतं ते दाखवा ना." दाखवायला बसलो आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. दुपारी एक वाजता तिने ५०० मिलीची बाटली लावली की ती तेव्हाच ५०० लिहायची. ड्यूटी संपायची दोनला. तोवर जेमतेम १०० मिली आत गेलेलं असायचं. उरलेलं ४०० पुढच्या ड्यूटीची नर्स पुन्हा लिहायची. तिची बेरीज उत्तम होती. बाटली लावली की लिहून टाकायचं, असं तिला आधीच्या ठिकाणी शिकवलं होतं, इतकंच. "तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर," एवढं म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिचा चार्ट कधी चुकला नाही. पण माझ्याशी मोकळं बोलायला तिला वर्ष लागलं.

मी का बोलले नव्हते? तिला वाईट वाटेल म्हणून, असं मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे तिचा उतरलेला चेहरा मला बघायचा नव्हता. हे फक्त तुमचं-माझं नाही. १९७० मध्ये सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अमक्याला घरून फोन आला होता, बातमी चांगली आहे किंवा वाईट आहे, एवढं एखाद्याला कळवायचं आणि तो हा निरोप कसा पोचवतो ते पाहायचं. बातमी चांगली असली की लोक तसं सांगून टाकत. वाईट असली की 'घरून फोन होता' इतक्यावरच थांबण्याकडे कल असे. बातमी काही त्यांनी घडवलेली नव्हती, तरीही.

आणि 'जरा बघून घ्या हं दादा' म्हणजे सांगून झालं, असं समजू नका. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक. तुमच्या 'बघून घ्या'मागे सहा महिन्यांच्या रात्री होत्या. दादांना ऐकू आलं ते एक सहज वाक्य.

तेव्हा अप्रेझलची वाट पाहू नका. याच आठवड्यात, फॉर्म न घेता, दोघंच बसा. चुकलेले दोन रिपोर्ट सोबत ठेवा. सगळेच्या सगळे नकोत, गठ्ठा पुढ्यात आला की बोलण्याचा खटला होतो. तुम्ही केलेल्या दुरुस्त्या त्यावर दिसू द्या. आणि साधारण असं म्हणा: "दादा, गेल्या दोन रिपोर्टमध्ये इथे बेरीज जुळत नव्हती आणि या पानावर आधीच्या महिन्याचा मजकूर राहिला होता. मी दुरुस्त करून पाठवत आलो आणि तुम्हाला सांगितलं नाही. ते माझं चुकलं. काय होतंय, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे."

एवढं बोलून गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. वीस सेकंदांची शांतता फार लांबते आणि आपण घाबरून कारणं पुरवायला लागतो: घरी काही आहे का, नवीन सॉफ्टवेअर जमत नाही का. तयार कारण दिलं की माणूस त्यातलं सोयीचं उचलतो आणि खरं आतच राहतं. दादांना चष्म्याचा नंबर बदलून हवा असेल, कुणीतरी त्यांच्याकडे येणारी माहितीच अर्धवट देत असेल, किंवा त्यांचं मन खरंच कामावरून उडालं असेल. तुम्हाला ते माहीत नाही. मलाही माझ्या नर्सचं माहीत नव्हतं, पण मी बेरजेवर ठपका ठेवून मोकळी झाले होते.

म्हणूनच 'निष्काळजीपणा', 'पूर्वीसारखं लक्ष नाही', हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. चुकलेला आकडा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. निष्काळजीपणा पाहिलेला नाही, तो तुम्ही लावलेला अर्थ आहे. आकड्याबद्दल दोन माणसं शेजारी बसून बोलू शकतात. स्वभावाचा विषय निघाला की ती समोरासमोर उभी राहतात.

ते रागावले तर वाद घालू नका. "आज एवढंच, उद्या पुन्हा बसू," असं म्हणून उठा, आणि उद्या खरोखर बसा. निवळले तर लगेच काहीतरी ठरवा: पुढचा रिपोर्ट दोन दिवस आधी तयार होईल आणि पंधरा मिनिटं दोघं मिळून तो पाहाल. रात्रीची दुरुस्ती आजपासून बंद. अप्रेझलच्या फॉर्मवर त्या दिवशी बोललात तेच लिहा, त्याहून एक शब्द जास्त नको.

आणि दादा म्हणणं सोडू नका. एरवी दादा आणि त्या दिवशी अचानक आडनावापुढे साहेब लागलं, तर खोलीत पाऊल टाकायच्या आधीच त्यांना कळेल की निकाल लागला आहे.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, ही पहिलीच नोकरी. परवा सर म्हणाले, "काम चांगलं आहे, पण तुझा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही, त्यावर काम कर." तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटते. मी नेमकं काय बदलू?

उत्तर : तू काय बदलायचंस हे तुला कळत नाही, कारण ते तुला अजून कुणी सांगितलेलंच नाही. 'अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही' यात काय केलं, कधी केलं, कुणाला त्रास झाला, यातलं काहीच नाही. असं ऐकल्यावर माणूस दिवसभर कामाऐवजी स्वतःकडेच बघत बसतो. तुझं तेच झालं आहे, आणि यात तुझा दुबळेपणा नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे कित्येक दशकांचे प्रयोग एकत्र तपासले. फीडबॅकने सरासरी काम सुधारतं, असं दिसलं. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम बिघडलेलं आढळलं. त्यांनी कारण मांडलं ते असं: बोलणं कामावरून हटून माणसाच्या 'मी कसा आहे' यावर गेलं की फायदा घटतो.

तेव्हा सरांकडे परत जा. भांडायला नाही, समजून घ्यायला. "सर, परवा तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलंय, मला सुधारायचं आहे. तुम्हाला ते जाणवलं असा गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग सांगाल का?" त्यांनी सांगितला तर तिथल्या तिथे सफाई देऊ नकोस. लिहून घे, 'विचार करून येते' म्हण, आणि खरंच दुसऱ्या दिवशी जा. कदाचित त्यांचं बरोबर निघेल. कदाचित तुझ्या बाजूची एक गोष्ट त्यांना ठाऊक नसेल.

आमच्याकडे एका नर्सच्या गोपनीय अहवालात 'उद्धट' असा शेरा आला होता. मी विचारत विचारत त्याच्या मुळाशी गेले. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा सगळ्या जणी उठल्या, ही बसूनच राहिली. प्रसंग खरा होता. पण तेव्हा तिचा अंगठा पेशंटच्या मनगटावरच्या बोळ्यावर होता. धमनीतून रक्त घेतलं की किमान पाच मिनिटं तिथे दाबून धरावं लागतं, नाहीतर आत रक्त साकळतं. ती उठली असती तर ते चुकलं असतं. हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी स्वतः शेरा काढायला लावला, पण तोवर त्या मुलीचे चार महिने त्या एका शब्दाखाली गेले होते. चार महिन्यांत कुणी 'कधी झालं हे?' एवढं विचारलं नव्हतं, तिनेही नाही. तू विचार.

प्रश्न : आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं की आधी कौतुक करावं, मग चूक सांगावी, मग परत कौतुक. हे बरोबर आहे का?

उत्तर : मला पटत नाही. दोन-तीनदा असं झालं की समोरच्याला खूण पटते. तुम्ही "तुझं काम छान आहे" म्हणालात की तो मनात 'पण'ची वाट बघायला लागतो. मग खरं कौतुकही वाया जातं. काही जणांना उलट फक्त दोन कौतुकं ऐकू येतात आणि मधली चूक निसटते. कौतुक वाटलं त्याच दिवशी करा, तेही नेमकं: "काल त्या ग्राहकाचं बोलणं तू मध्ये न तोडता पूर्ण ऐकलंस, म्हणून तो शांत झाला." चूक सांगायची तेव्हा चूकच सांगा. वर्षभर दोन्ही वेळच्या वेळी होत असेल तर चूक सांगताना तिला कशात गुंडाळायची गरज पडत नाही.

प्रश्न : आमचे वरिष्ठ हुशार आहेत, पण निर्णय घाईत घेतात. ग्राहकाला दिलेली तारीख पाळणं शक्य नाही, हे आम्हा चौघांना मीटिंगमध्येच कळत होतं. मी विचारलं, "वेळ पुरेल ना सर?" ते म्हणाले, "पुरेल." विषय संपला. व्हायचं ते झालं, काम रखडलं, आणि आता सर आम्हालाच विचारतात, तुम्ही आधी का नाही बोललात? मी तर बोललो होतो.

उत्तर : तुम्ही विचारलंत. बोलला नाहीत. हे कठोर वाटेल, पण या दोहोंतलं अंतर फार मोठं आहे आणि ते मला तुमच्यापर्यंत नीट पोचवायचं आहे.

२७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. धुकं, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले आवाज, संदिग्ध शब्द, अशी बरीच कारणं त्यात होती. पण कॉकपिटमधल्या नोंदीतला एक क्षण मला कधी विसरता आला नाही. विमान धावायला लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाही का. कॅप्टन हे कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक. ते ठामपणे म्हणाले, झालंय. तिथे बोलणं संपलं. इंजिनिअरला शंका होती, पण ती प्रश्नाच्या रूपात आली, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं की माणूस गप्प बसतो. तुमचं 'वेळ पुरेल ना सर?' मला अगदी तसंच वाटलं.

अशा अपघातांनंतर विमान क्षेत्राने प्रशिक्षणच बदललं. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि तिथून पुढे कनिष्ठांनी स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं, हे विमान चालवण्याइतकंच गंभीरपणे शिकवायला लागले. मग ती पद्धत रुग्णालयांतही आली. आम्हाला ती उतरत्या नव्हे, चढत्या पायऱ्यांनी शिकवली होती: आधी 'मला काळजी वाटते', ऐकलं नाही तर 'मला हे ठीक वाटत नाही', तरीही नाही तर 'हे धोक्याचं आहे, थांबूया'. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचंच, हा नियम होता. ती मर्जीची गोष्ट नव्हती.

तुमच्या मीटिंगसाठी हे असं होईल: "सर, मला या तारखेची काळजी वाटते. चाचणीलाच १२ दिवस लागतात आणि आपल्याकडे ७ आहेत. दोन भागांत द्यायचं का, पहिला भाग या तारखेला?" यात प्रश्न शेवटी आहे, आणि तोही तोडग्याचा. त्याआधी शंका विधान म्हणून आली आणि तिच्यासोबत आकडा आला. सर "जमेल" म्हणाले तर एकदा पुन्हा: "सर, १२ दिवसांचं ७ मध्ये कसं बसवायचं ते मला दिसत नाही." त्यानंतर निर्णय त्यांचा. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाका, तक्रारीच्या सुरात नाही, 'आज आपण हे ठरवलं' अशी.

चौघांना कळत होतं, असं तुम्ही लिहिलंत. मग पुढच्या वेळी एकाने बोलल्यावर दुसऱ्याने लगेच "मलाही तसंच वाटतं" म्हणायचं, एवढं आधी आपसांत ठरवा. आमच्या वॉर्डात हे एक वाक्य पुष्कळदा कामी आलं.

प्रश्न : मी एका सहकारी मुलीला उशिरा येण्याबद्दल बोलले आणि ती रडायला लागली. मी गडबडले, "जाऊ दे, एवढं काही नाही" म्हणाले. आता ती अजून उशिरा येते आणि तिच्याशी पुन्हा बोलायचा मला धीर होत नाही.

उत्तर : रडू येणं हा तिच्या बोलण्याचाच एक भाग समजा. त्याने तुमचं सांगणं चूक ठरत नाही. मी अशा वेळी औषधांच्या खोलीत घेऊन जायचे, खुर्ची दाराकडे पाठ होईल अशी ठेवायचे, पाण्याचा ग्लास द्यायचे आणि काही बोलायचे नाही. पाठ दाराकडे, कारण डोळे पुसताना येणाऱ्या-जाणाऱ्याने बघू नये. शांत झाली की विचारायचे, "आत्ता बोलूया की दुपारी?" वेळ तिने ठरवायची. बोलायचं की नाही, हे मात्र ठरलेलं असायचं.

'एवढं काही नाही' म्हणालात तेव्हा तुम्ही दिलेली गोष्ट परत घेतलीत. आता तिला तेच सांगा: "त्या दिवशी तुला रडताना बघून मी विषय सोडला. तो सोडायचा नव्हता. या महिन्यात तू सात दिवस साडेदहानंतर आलीस आणि तोवरचे फोन दुसऱ्या दोघी घेतात." मग ऐका. सातही दिवसांमागे एकच कारण निघण्याची शक्यता बरीच आहे, आणि कदाचित तुम्ही तिची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकललीत की प्रश्न सुटेल.

प्रश्न : टीमच्या ग्रुपवर 'काही लोकांनी वेळेचं भान ठेवावं' असा मेसेज टाकला तर चालेल का? नाव घेतलं नाही की कुणी दुखावत नाही.

उत्तर : लेकी बोले सुने लागे, ही रीत कामाच्या जागी चालत नाही. ज्याच्यासाठी लिहिलंत त्याला तो दुसऱ्याबद्दल वाटतो आणि जी वेळेवर येते ती बिचारी दिवसभर आपलं काय चुकलं म्हणून घोर लावून घेते. त्या एका माणसाला भेटा. भेटणं शक्य नसेल तर फोन करा. मेसेजमध्ये आवाज नसतो, आणि अशा बोलण्यात निम्मं काम आवाजच करतो.

प्रश्न : मी १८ जणांच्या विभागाचा प्रमुख आहे. दर महिन्याला सगळ्यांना सांगतो, माझं काय चुकतं ते मोकळेपणाने सांगा. सगळे म्हणतात, सगळं छान आहे सर. मला ते खरं वाटत नाही. काय करू?

उत्तर : तुम्हाला ते खरं वाटत नाही, याचं मला फार बरं वाटलं. मला वाटलं होतं. आमच्या वॉर्डात औषधांच्या चुका लिहायची एक वही होती. मी इनचार्ज झाल्यावर ती कोरी राहायला लागली आणि मी ते अभिमानाने मेट्रनना दाखवायचे.

एमी एडमंडसन या संशोधिकेने दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषधांच्या चुका मोजल्या होत्या. १९९६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. चांगल्या चालणाऱ्या विभागात चुका कमी असतील, असं त्यांना अपेक्षित होतं. नोंदी उलट निघाल्या. जिथे प्रमुखाशी मोकळेपणा होता तिथे नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. हे एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला ती कोरी वही आठवली आणि बसल्या जागी घाम फुटला.

'माझं काय चुकतं' हा प्रश्न १८ जणांसमोर फार मोठा आहे. त्याला धाडसाने उत्तर देणारा पहिला माणूस कोण होणार? एकेकट्याला, लहानसं विचारा: "या आठवड्यात माझ्यामुळे तुझं काम कुठे अडलं?" उत्तर आलं की तुमचा चेहरा काय करतो याकडे लक्ष द्या. सगळ्या विभागाला तोच कळतो, तुमचं भाषण नाही. 'हो, पण' म्हणू नका. लिहून घ्या, आणि त्यातली एक गोष्ट आठवडाभरात बदला. मग ज्याने सांगितली त्याचं नाव न घेता सगळ्यांना सांगा की हे मला सांगितलं गेलं आणि मी बदललं. पहिल्या महिन्यात बहुधा कुणी काही बोलणार नाही. तरी विचारत राहा.

आणि जमेल तर सुरुवात स्वतःपासून करा. मी त्या प्रशिक्षणाहून परतले आणि वही काढली. आदल्या आठवड्यातलीच गोष्ट होती, कुणाला माहीत नव्हती. तारीख घालून लिहिलं: 'बेड ९. दुपारी २ ची गोळी मी ३:४० ला दिली. फोनवर होते, राहून गेलं. पेशंट ठीक.' खाली सही केली आणि वही उघडीच टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी कुणी काही लिहिलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या मंगळवारी माझ्या ओळीखाली दोन नोंदी होत्या. एक रात्रपाळीच्या नर्सची. दुसरी त्या चार्टवाल्या मुलीची.